हळूबाईचं नाव

२ फेब्रुवारी, सोमवार

संपादिकाबाईंनी आत बोलावलं तेव्हा वाटलं, कुठल्या तरी पुस्तकात मी घोडचूक सोडली. सव्वीस वर्षं या बालप्रकाशनात प्रुफं तपासतोय, बोलावणं येतं ते त्याचसाठी. बाई म्हणाल्या, "बसा. आपले नेहमीचे लेखक दुसरीकडे नोकरीला गेले. आठ वर्षांच्या मुलांसाठी नवी मालिका काढतोय, त्यातलं पहिलं पुस्तक तुम्ही लिहा."

मी मागे वळून पाहिलं. मागे कोणी नव्हतं.

"सव्वीस वर्षं दुसऱ्यांची वाक्यं सरळ करताय, आता स्वतःची चार वाकडी लिहून बघा," त्या म्हणाल्या. "पण गोष्टीच्या मागे लागू नका. आधी माणूस आणा, नाही तर प्राणी आणा. मुलानं पुस्तक मिटलं तरी तो खोलीत उरला पाहिजे. आणि त्याचं नाव मुलांनी शाळेत एकमेकांना हाका मारायला वापरलं पाहिजे."

चौसष्ट पानं. मार्चअखेर. घरी येताना मी दोन थांबे आधीच उतरलो आणि चालत आलो, बसमध्ये बसवेनाच. ही दवाखान्याचा गणवेश इस्त्री करत होती. म्हणाली, "म्हणजे घरात आता दोन प्राणी. एक तर आहेच."

हसत होती, पण इस्त्री बाजूला ठेवून तिनं माझा हात धरला. आजपासून ही वही सुरू.

७ फेब्रुवारी, शनिवार

आज मुंगी आली. माझ्या धाकट्या भावाची मुलगी, नऊ वर्षांची. लहानपणापासून भिंतीच्या कडेकडेनं चालते म्हणून हे नाव पडलं. तिच्या आईला दिवस आहेत आणि डॉक्टरांनी पलंगावरून उठायला बंदी केलीय, म्हणून बाळ होईपर्यंत मुंगी आमच्याकडे. शाळेनं रजा दिलीय आणि सोबत वह्यांचा गठ्ठाही.

भाऊ दारातूनच निघाला. "दादा, जरा लाजरी आहे हं. फारसं बोलत नाही. बाकी काही नाही." जिना उतरताना पुन्हा म्हणाला, "बाकी काही नाही." बिचारा दमलाय.

पोरगी गोड आहे. फक्त मला 'काका' म्हणत नाही की हिला 'काकू'. काही हवं असलं की जवळ येऊन उभी राहते, आपलं लक्ष जाईपर्यंत. होईल सवय.

१० फेब्रुवारी, मंगळवार

पहाटे उठून चार पानं लिहिली. नायक: एक प्रामाणिक पोपट. खोटं दिसलं की शीळ घालतो. लिहिताना वाटलं, वा! नाश्त्याच्या वेळी मुंगीला वाचायला दिलं. तिनं शेवटपर्यंत वाचलं, पानं नीट जुळवून परत दिली.

"आवडलं?"

"हा एकटा असला म्हणजे..."

"काय करतो, असंच ना?"

तिनं मान हलवली. खरंच की! एकटा असला म्हणजे तो पोपट काहीच करत नाही. कोणी खोटं बोलायची वाट बघत बसतो. असला पोपट शेजारी नको. पानं रद्दीत.

काय बुद्धी आहे पोरीची! आणि तिच्या मनातलं मला चटकन कळतं. दोन शब्द बोलली की पुढचे चार मीच पुरवतो. सव्वीस वर्षांचा सराव, दुसरं काय.

१४ फेब्रुवारी, शनिवार

सापडली! सापडली!! (दोन उद्गारचिन्हं दुसऱ्या कोणी दिली असती तर मी एक खोडलं असतं.)

हिचं मनगटी घड्याळ दुरुस्तीला टाकलं होतं, ते आणायला मुंगीला घेऊन गेलो. कोपऱ्यावरचं ते दुकान म्हणजे कपाटच. घड्याळजी अवाढव्य. काउंटरमागे तिरका बसतो, सरळ बसला तर मावत नाही. बोटं केळ्यांसारखी. त्या बोटांत चिमटा, चिमट्यात तिळाच्या अर्ध्याएवढा स्क्रू. तो बसवताना त्यानं श्वास रोखला. मीही रोखला. मुंगीनंही. दुकानात फक्त घड्याळं चालू होती.

स्क्रू बसला, त्यानं श्वास सोडला आणि काउंटरवरच्या पावत्या उडाल्या.

घड्याळ घेऊन आम्ही बाहेर पडलो. मी रस्त्यातच ओरडलो, "पाणघोडी! घड्याळं दुरुस्त करणारी पाणघोडी!" एक सायकलवाला थांबून बघायला लागला. मुंगी हसली. आल्यापासून पहिल्यांदा आवाज करून हसली.

घरी येऊन दिवसभर लिहिलं. एकटी असली म्हणजे काय करते? बंद पडलेली घड्याळं कानाशी धरून ऐकते. तिला काय नको असतं? कोणी 'लवकर' म्हटलेलं. कशाला भिते? शिंकेला, कारण एका शिंकेत सगळं दुकान विस्कटतं. बघा, आली खोलीत! आता हाकलली तरी जायची नाही.

१५ फेब्रुवारी, रविवार

नाव मात्र सापडत नाही. मी कागदावर नाव लिहून मुंगीला द्यायचं, असा खेळ आम्ही काढलाय. ती कागद घेऊन बाल्कनीत जाते, पाठ फिरवून उभी राहते, ओठ हलवते आणि परत येऊन निकाल देते. आजचे निकाल:

टिकटिकराणी. नाही.
पाणूताई. नाही.
गडगडाबाई. नाही.
डुबुकडी. नाही.
घंटाक्का. नाही, आणि जोरात नाही.

"अगं पण वाईट काय आहे यात?"

ती बराच वेळ माझ्या शर्टाच्या बटणाकडे बघत राहिली. "हे आत अडतं," म्हणाली.

आत अडतं! मी हे वाक्य ठळक अक्षरांत लिहून टेबलासमोर चिकटवलंय. नाव ओठांवर अडता कामा नये. केवढे लेखक आयुष्य घालवतात तरी त्यांना हा कान येत नाही.

१९ फेब्रुवारी, गुरुवार

कळकळी, पुटपुटी, गोलंबी, ढब्बी, टमटमी. सगळी नाही. ऑफिसात एका लेखकाच्या प्रुफावर मी चुकून 'टमटमी' लिहून आलो.

२२ फेब्रुवारी, रविवार

आज सकाळी मुंगी टेबलाशी पाणघोडीचं चित्र काढत होती. मी तिची पेन्सिल तासून देत होतो, टोक दोनदा मोडलं, दोन्हीदा मी 'हात्तिच्या' म्हणून ओरडलो. ही न्हाणीघरातून ओरडली, "अहो, हळू! तिसरी पेन्सिल आहे ती."

मुंगीनं मान वर केली. "हळू," म्हणाली. मग उठून बाल्कनीत गेली. आतून मला तिची पाठ दिसत होती. खांदे वर गेले, खाली आले. ती धावत आली.

"हळूबाई!"

मोकळं, मोठ्यानं, अख्ख्या घराला ऐकू जाईल असं. तिचा आवाज इतका मोठा असेल असं वाटलंच नव्हतं. मग ती खोल्याखोल्यांतून हिंडत म्हणत सुटली, "हळूबाई, हळूबाई, हळूबाई आली!" ही केस पुसत बाहेर आली आणि दारातच थांबली. हिच्या डोळ्यांत पाणी होतं, साबणाचं असावं.

हळूबाई. किती सोपं! नुसता श्वास सोडला तरी निम्मं नाव होतं.

१ मार्च, रविवार

पाच प्रकरणं झाली. आणि एक घबाड हाती लागलं. मुंगी वस्तूंना त्यांच्या नावानं बोलावतच नाही! खिडकीला 'उजेडाची' म्हणते, घड्याळाला 'वेळवालं', पेनला 'शाईवालं'. पाणी हवं असलं तर म्हणते, "ओलं द्या ना." कवयित्रीच आहे. मी गुपचूप सगळं टिपून हळूबाईच्या तोंडी घातलं. आता हळूबाई गिऱ्हाइकाला म्हणते, "तुमचं वेळवालं उजेडाचीपाशी ठेवा, मी ओलं पिऊन येते." वाचताना मला स्वतःला हसू आवरेना.

हिला वाचून दाखवलं. ही हसली नाही. म्हणाली, "अहो, ती बोलत असते तेव्हा तुम्ही मध्ये का बोलता?"

"मध्ये कुठे? मदत करतो."

"तिची वाक्यं तिला संपवू देत जा."

दवाखान्यात दिवसभर उभी असते, संध्याकाळी चिडचिडते. मी वाद घातला नाही.

९ मार्च, सोमवार

संपादिकाबाईंनी माझ्यासमोरच वाचलं. दुसऱ्या पानावर हसल्या, चौथ्या पानावर चष्मा काढला. "ही बाई कुठल्याच वस्तूचं नाव घेत नाही, हे कुठून सुचलं हो तुम्हाला?"

मी म्हटलं, "सुचलं झालं." आता लिहिताना जरा लाज वाटतेय. पण तेव्हा फार गोड वाटलं.

त्यांचा रिवाज असा, की छापण्याआधी प्रत्येक पुस्तक वाचनालयाच्या बालविभागात मुलांना वाचून दाखवायचं. शनिवारी, एकवीस तारखेला. मी म्हटलं, माझी पुतणी वाचेल. हळूबाईचं नाव तिनंच ठेवलंय. बाई खूश.

घरी मुंगीला विचारलं. ती म्हणाली, "मी नाही."

ही म्हणाली, "तिला विचारलंत?"

"विचारलं. नाही म्हणाली."

"मग?"

"अगं, पहिल्यांदा सगळेच नाही म्हणतात."

२१ मार्च, शनिवार

काय झालं ते जसंच्या तसं लिहितो.

चाळीसेक मुलं सतरंजीवर बसलेली. मुंगी खुर्चीशेजारी उभी, हातात पानं. पहिलं वाक्य: 'पाणघोडीच्या दुकानाची पाटी तिरकी होती.' तिनं तोंड उघडलं. काही आलं नाही. हनुवटी पुढे आली, मानेची शीर ताठ झाली, तरी काही नाही. मला वाटलं, घाबरली. मी पहिल्या रांगेतून हलकेच म्हटलं, "पाणघोडीच्या..." ती पुढचा शब्द म्हणाली. 'पाटी'शी पुन्हा तेच. मी पुन्हा सांगितलं, जरा मोठ्यानं. तिसऱ्या वेळी माझ्यापाठोपाठ एक मुलगा ओरडला. त्याला वाटलं खेळ आहे. चौथ्या वेळी अख्खी सतरंजी ओरडली. ती तोंड उघडायची आणि चाळीस मुलं सुचेल तो शब्द फेकायची, आणि हसायची. वाईट हसत नव्हती. त्यांना मजा येत होती.

मुंगीनं पानं खुर्चीवर ठेवली, कडा जुळवल्या आणि भिंतीच्या कडेनं बाहेर गेली. पाण्याच्या टाकीजवळ उभी होती.

मला कळत नाही. अक्षर मोठं होतं. मजकूर तिला जवळजवळ पाठ होता.

२२ मार्च, रविवार

"अजून कळलं नाही तुम्हाला?" हिनं विचारलं. रागानं नाही. त्यामुळे जास्त लागलं. "ती अडखळते. लपवते इतकं छान, की मलाही आठवडा लागला. ज्या अक्षरापाशी अडेल असं वाटतं तो शब्दच टाळते, दुसरा घेते. पाण्याला ओलं म्हणते ते काही कविता म्हणून नाही."

"मग मला का नाही सांगितलंस?"

"तिनं मला सांगू नको म्हटलं होतं. तुम्हाला ती आवडते, म्हणून."

मी उठून बाद नावांचे कागद काढले. एकाखाली एक लावले. टिकटिकराणी, पाणूताई, गडगडाबाई, डुबुकडी, घंटाक्का, कळकळी, पुटपुटी. ट, प, ग, ड, घ, क, प. पहिली अक्षरं उभी वाचली तर काय ते लख्ख दिसत होतं. काका आणि काकूही त्यात आलेच. छापील पानावर तिला दुसरा शब्द घेता येत नव्हता, आणि ते पान मी तिच्या हातात दिलं होतं. सव्वीस वर्षं एक वेलांटी नजरेतून सुटली नाही माझ्या.

आणि तिची पळवाट मी विनोद म्हणून पुस्तकात घातली. उद्या बाईंना सांगून हस्तलिखित परत घेतो.

२४ मार्च, मंगळवार

काल रजा काढली. बाईंना सांगायच्या आधी मुंगीशी बोलायचं ठरवलं होतं, पण तोंडच उघडेना. आज सकाळी बाल्कनीत तिच्या शेजारी जमिनीवर जाऊन बसलो.

"मी चुकलो," म्हटलं. "तुझे शब्द तुला न विचारता घेतले. शनिवारी तर फारच चुकलो. पुस्तक परत घेतोय."

मग गप्प बसलो. किती कठीण असतं ते! तिनं सुरुवात केली, अडली, आणि माझ्या जिभेवर तिचा शब्द तयार होता. मी जीभ दातांखाली धरली. समोरच्या गच्चीवर कोणी तरी चादरी वाळत घालत होतं. तिसरी चादर घालून होईपर्यंत मी थांबलो.

"परत नका घेऊ," ती म्हणाली. "शब्द घेतलेत त्याचा राग नाही. पण तुम्ही अर्धंच लिहिलंत. ती असं का बोलते, ते लिहिलंच नाहीत. म्हणून ती वेडी वाटते."

लेखनाबद्दल इतकं खरं मला आजवर कोणी सांगितलं नव्हतं.

"मग लिहूया? ती कशी अडते ते? म्हणजे 'प-प-प' असं..."

"नाही!" तिनं माझा गुडघा धरला. "सगळे तसंच करून दाखवतात. माझं तसं नसतं. माझा शब्द आत उभा असतो. मला दिसत असतो. दार लागलेलं असतं, एवढंच. बाहेर काही ऐकू येत नाही."

"मग कागदावर काय लिहायचं?"

"तिथे लिहायचं नाही. जागा सोडायची."

तासभर बोललो. म्हणजे ती बोलली. मधूनच 'काका' म्हणाली, बऱ्याच वेळानं आणि घाम येऊन. मी तिला म्हटलं, नसेल म्हणायचं तर नको म्हणूस, मला चालेल. ती म्हणाली, "मला नाही चालणार."

२९ मार्च, रविवार

पाच दिवसांत पुस्तक उलटंपालटं केलं. हात थांबत नाही, चहा थंड होतो, ही कप उचलते, दुसरा ठेवते. आता हळूबाई नुसती गमतीशीर राहिली नाही. तिला गुपित आहे, आणि गुपित असलेली पाणघोडी पानावर किती भरदार बसते!

पण एक गिऱ्हाईक हवं होतं. असं, की ज्याला नावानंच हाक मारावी लागेल, दुसरा शब्द चालणार नाही. मी म्हटलं, नाव सोपं ठेवूया. मुंगीनं कागद ओढून घेतला. "सगळ्यात अवघड ठेवा." आणि तिनं लिहिलं: करकोचेबुवा.

मग तिनंच त्याला घडवलं. करकोचेबुवा नेहमी घाईत, कारण त्यांचे पाय लांब आणि जग त्यांच्या मानानं सावकाश. खिशात चार घड्याळं, चारही पुढे. 'हं, हं, कळलं' म्हणत दुसऱ्यांची वाक्यं पुरी करतात. मी विचारलं, "हे कुठून सुचलं?"

"सुचलं झालं," ती म्हणाली आणि चित्रात करकोच्याला चष्मा काढला. माझ्या चष्म्याची काडी जिथे दोऱ्यानं बांधलीय, नेमका तिथेच दोरा काढला.

ही इतकी हसली की खुर्चीचा आधार घ्यावा लागला.

प्रसंग असा: करकोचेबुवा घड्याळ विसरून भलत्याच दिशेनं निघतात. पुढे रस्ता खचलाय. हळूबाईला हाक मारायचीय. तिला शब्द दिसतोय. सगळं दुकान श्वास रोखून थांबतं, घड्याळंसुद्धा. आणि कोणी मध्ये बोलत नाही.

७ एप्रिल, मंगळवार

बाई म्हणाल्या, पहिलं जास्त हसरं होतं. मी म्हटलं, हो. म्हणाल्या, आठ वर्षांची मुलं एवढी थांबतील? मी म्हटलं, माहीत नाही. त्यांनी तो प्रसंग पुन्हा वाचला. वाचताना त्यांनी श्वास रोखला होता. मी बघत होतो. "छापूया," म्हणाल्या.

पहाटे मुंगीला भाऊ झाला. दोघंही, आई आणि बाळ, ठीक. दुपारी माझा भाऊ तिला न्यायला आला. पायऱ्या उतरताना ती त्याला काही सांगत होती, तो तिच्या जागी बोलायला गेला, तेव्हा तिनं हात वर केला, ट्रॅफिकच्या पोलिसासारखा. तो गप्प झाला. घर आज फार मोठं वाटतंय.

१६ एप्रिल, गुरुवार

पान तेवीसचं प्रूफ आलं. जागा गायब! हळूबाई तोंड उघडते आणि लगेच, चिकटून, 'करकोचेबुवा!' मी पानं लावणाऱ्या डीटीपीवाल्याच्या टेबलाशी गेलो.

"इथे जागा होती."

"चुकून राहिली होती. बुजवली मी," तो अभिमानानं म्हणाला. "तुम्हीच शिकवलंय ना, ओळीत भोक दिसता कामा नये."

"उघडा ती."

"किती उघडू?"

खरंच, किती? दोन अक्षरांची? एका ओळीची? मला कसं माहीत असणार? मी त्याच्या टेबलावरून भावाकडे फोन लावला आणि मुंगीला मागितलं. मागून तान्ह्याचं रडणं येत होतं.

"पान तेवीस," मी म्हटलं. "करकोचेबुवांच्या आधीची जागा. किती सोडायची?"

फोनवर काही आलं नाही. डीटीपीवाल्यानं खुणेनं विचारलं, कट झाला का? मी मान हलवली, नाही. तो माउसवर हात ठेवून वाट बघत राहिला. बाळ रडायचं थांबलं, पुन्हा लागलं. पलीकडे तिचा श्वास ऐकू येत होता.

"करंगळीएवढी," ती म्हणाली.

"माझी की तुझी?"

"माझी. लांबीनं." मग खुदकन हसली. "थांबा, मोजते."

ती फूटपट्टी शोधायला गेली, फोन तसाच ठेवून. परत आली तेव्हा धापा टाकत होती. साडेचार सेंटिमीटर आणि वर थोडं. थोडं म्हणजे किती, तर दोन रेघा.

डीटीपीवाल्यानं ओळ उघडली. पान पुढे सरकलं, खालची एक ओळ चोविसाव्या पानावर गेली, तिथली पंचविसाव्यावर, आणि तो कपाळाला हात लावून म्हणाला, "साहेब, एवढ्याशा जागेसाठी सगळं पुस्तक हललं."

मी समासात लिहिलं: ४.७ सेंमी. कोरी. बुजवू नये. खाली सही केली, आणि मग पेन त्याच्या हातात देऊन त्यालाही करायला लावली.